वर्ल्ड कपवर डॉक्युमेंटरी करायचीय पण मॅचचं एक सेकंदही फुटेज नाही, काय करू?

ट्रान्सहार्बरवाली

नमस्कार मंडळी, पोस्ट लांब होणारे, आधीच सॉरी.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहते, ऑफिस ऐरोलीत, व्हिडिओ हा माझा धंदा नाही, नुसता नाद आहे. २०२५ मध्ये महिला क्रिकेट वर्ल्ड कपच्या बंगळुरूच्या मॅचेस ऐनवेळी नवी मुंबईला आल्या आणि आपल्या नेरूळच्या डी. वाय. पाटीलला भारताच्या लागोपाठ चार मॅच झाल्या. २३ ऑक्टोबरला न्यूझीलंड, २६ ला बांगलादेश, ३० ला ऑस्ट्रेलियाशी सेमी आणि २ नोव्हेंबरला फायनल. माझ्याकडे तिकीट फक्त पहिल्या मॅचचं होतं. मित्राचा मिररलेस कॅमेरा घेऊन गेले तर गेटवरच सांगितलं की हा कॅमेरा आत चालणार नाही, ठेवायला जागा नाही, परत घरी जाऊन यायला वेळ नाही. भाऊबीज होती त्या दिवशी, भाऊ सोबतच होता, मग तिकीट त्यालाच दिलं, उलटी ओवाळणी. तो आत गेला आणि मी हायवेच्या बाजूला उभी राहिले. म्हटलं आता आलोच आहोत तर जे दिसेल ते शूट करू.

आणि मग चारही दिवस गेले. सेमीच्या दिवशी तर ऑफिसमधून अर्धा दिवस टाकून. एकूण ३१ तासांचं फुटेज आहे, अर्धं फोनवर, अर्धं कॅमेऱ्यावर. नेरूळ आणि जुईनगर स्टेशनवरून येणारी गर्दी, स्टेडियमजवळच्या एलपी नाक्याच्या पुलाखालचा चहावाला, गालावर तिरंगा काढणाऱ्या दोन मुली, पावसात बॅरिकेडला टेकून उभे पोलीस, अ‍ॅकॅडमीच्या किट बॅगा घेऊन आलेल्या दहा-बारा वर्षांच्या पोरी, आणि एक जर्सी विकणारे दादा ज्यांच्याशी माझी चांगलीच ओळख झाली. पण मॅच? शून्य. शफालीचे ८७ नाहीत, दीप्तीच्या पाच विकेट नाहीत, हरमनने मागे पळत घेतलेला तो शेवटचा कॅच नाही. जेमिमाच्या १२७ वेळी मी रस्त्यावर उभी राहून एका अनोळखी काकूंच्या फोनमध्ये डोकं घातलं होतं.

आणि जे आहे त्यातही गोंधळ. टपरीवर लोक मोबाइलवर मॅच बघत होते ते शॉट सगळे गंडलेत, कारण लोक आधीच ओरडतात आणि फोनवर विकेट नंतर पडते. स्टेडियम इतकं जवळ की आतला आवाज आधी ऐकू यायचा आणि फोनवरचं लाइव्ह अर्धा-पाऊण मिनिट मागे. बघणाऱ्याला वाटेल सिंक चुकलंय. ते सगळं कापावं लागणार बहुतेक.

तर प्रश्न असे. मॅचचं थोडं फुटेज, म्हणजे मिनिटभर, कुठून विकत मिळतं का आणि परवडतं का? यूट्यूबवरच्या हायलाइट्समधून ५-१० सेकंद घेतले तर चालतं का, सगळेच घेतात. आणि हे काहीच नसेल तर याची फिल्म होते का, की हार्डडिस्क कपाटात ठेवून द्यावी?

सरळसोट

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. फायनल सगळ्या देशाने टीव्हीवर बघितली, नंतर रील्सवर शंभरदा बघितली. मोठे लोक त्यावर मोठी सिरीज काढतील, खेळाडूंच्या मुलाखती असतील, ड्रेसिंग रूम असेल. तुमच्या चहावाल्याला कोण बघणार? हार्डडिस्कवर जागा करा आणि पुढच्या वेळी तिकीट काढा.

वाशीकर_वकीलबाई

फुटेजचं सांगते. आधीच सांगते की हा रीतसर सल्ला नाही, तुमचा प्रोजेक्ट खरंच पुढे गेला तर कागद घेऊन कोणाकडे तरी बसा.

मॅचचं चित्रीकरण आयोजकांचं असतं आणि ते दाखवायचे हक्क ज्यांनी विकत घेतलेत त्यांचे. ऑलिम्पिकचंही तसंच, तिथे तर समितीने २००१ मध्ये स्वतःची प्रसारण कंपनीच काढली, जगभरची सगळी चॅनेल्स तिचंच फीड घेतात. जुनं फुटेज लायसन्सवर मिळतं, पण ते सेकंद किंवा मिनिटाच्या हिशोबाने, आणि किंमत ठरते ती तुम्ही कुठे दाखवणार, किती वर्षं दाखवणार, फेस्टिव्हल की ओटीटी की सगळीकडे, यावर. हौशी माणसाने विचारलं तर उत्तर यायलाच महिने जातात. आणि पैसे भरले तरी फुटेजमधल्या खेळाडूंची, मागे वाजणाऱ्या गाण्याची, जाहिरातींची परवानगी त्यात आलीच असं नाही.

आता "सगळेच ५-१० सेकंद घेतात" हे. आपल्या कायद्यात अमुक सेकंदांपर्यंत फुकट असं काहीही लिहिलेलं नाही, ही निव्वळ व्हॉट्सअ‍ॅप विद्या आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात प्रसारणाचा हक्क वेगळा दिलाय, कलम ३७, आणि तो प्रसारण झालं त्याच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून २५ वर्षं चालतो. म्हणजे तुमची फायनल २०५० संपेपर्यंत त्यांचीच. कलम ३९ मध्ये सूट आहे, चालू घडामोडींची बातमी देताना, किंवा खऱ्याखुऱ्या समीक्षेसाठी, शिकवण्यासाठी, संशोधनासाठी थोडा भाग घेता येतो. भावना उंचावण्यासाठी विजयाचा क्षण टाकणं ही समीक्षा नव्हे. तुम्ही तो कॅच दाखवून "इथे फील्डिंग कशी लावली होती बघा" असं समजावून सांगत असाल तर वाद घालता येईल, नुसता कॅच दाखवून वर सनई लावलीत तर नाही.

आणि टपरीवरच्या मोबाइलमध्ये मॅच दिसत्ये ना, तीही बघून घ्या. लोकांना वाटतं की बॅकग्राउंडला आलं तर चालतं. ती सूट, कलम ५२ मधली, चित्रं, शिल्पं, पोस्टर अशा कलाकृतींसाठी लिहिलेली आहे, टीव्हीच्या प्रसारणासाठी नाही. ओझरतं ओळखू न येण्याइतकं दिसत असेल तर प्रत्यक्षात कोणी मागे लागत नाही, पण स्क्रीन भरून स्पष्ट दिसत असेल तर तो शॉट वापरू नका. कॉमेंटरीचा आवाजही त्यातच आला.

एक चांगली बातमी पण देते. तुम्ही हायवेवर उभं राहून, तुमच्या कॅमेऱ्याने, रस्त्यावरच्या लोकांचं जे काढलंय ते पूर्णपणे तुमचं आहे. फक्त ज्यांच्याशी बोललात त्यांच्या सह्या घ्या, मराठी-हिंदीत एक पानाचा साधा कागद पुरतो. त्या किट बॅगवाल्या पोरींच्या आईवडिलांच्या सह्या आधी, बाकी सगळं नंतर.

जुईनगर_एक्सप्रेस

गेटवर कॅमेरा अडवला हे वाचून हसू आलं, कारण मी गेटच्या आतल्या बाजूला होतो, २०१७ ला. फुटबॉलचा अंडर-१७ वर्ल्ड कप, व्हॉलंटियर. ६ ऑक्टोबरला पहिल्याच दिवशी इथे दोन मॅच, तुर्की-न्यूझीलंड १-१ आणि पॅराग्वेने मालीला ३-२ हरवलं. कॉलेजला दांडी मारून गेलो होतो, घरी सांगितलं प्रॅक्टिकल आहे.

ताई, आत असतीस तरी तुला काही मिळालं नसतं असं माझं म्हणणं आहे. गळ्यात कार्ड, कार्डावर आकडे, ज्या आकड्याचा झोन तिथेच पाय ठेवायचा. फोटोग्राफरना वेगळ्या रंगाचं जॅकेट, ते जाहिरातीच्या बोर्डामागे बसणार, आणि त्यांनी फोटोच काढायचे, व्हिडिओ नाही. व्हिडिओ कॅमेरा फक्त हक्कवाल्यांचा. आम्हाला तर फोन खिशातून काढला तरी सुपरवायझर डोळे वटारायचा. तीन आठवडे वर्ल्ड कपच्या आत होतो आणि माझ्याकडे एकूण चार फोटो आहेत, त्यातले दोन डब्याचे.

पण सांगायचं म्हणजे सेमी, २५ ऑक्टोबर, स्पेन ३ माली १. मॅच संपली आणि मी कॉरिडॉरमध्ये पाण्याचे क्रेट उचलत होतो. मालीची पोरं बाहेर आली, माझ्याच वयाची किंवा लहानच, कोणी कोणाशी बोलत नव्हतं, फक्त बुटांच्या स्टडचा टाइल्सवर आवाज. तो आवाज मला अजून येतो. टीव्हीवर तो कुठेच नाही, तेव्हा टीव्हीवर स्पेन नाचत होतं.

स्टीनबेकवाले_काका

नौपाड्यातला म्हातारा बोलतोय, चाळीस वर्षं एडिटिंग केलं, त्यातली पहिली बारा फिल्म हातात धरून, कात्रीने आणि टेपने. मुली, सरळसोट साहेबांचं ऐकू नकोस, आणि वकीलबाईंचं शब्दन् शब्द ऐक.

१९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकवर जपानी दिग्दर्शक कोन इचिकावांनी जी फिल्म केली ती मिळेल तिथून बघ. काम आधी कुरोसावांकडे होतं, तिथे जमलं नाही म्हणून यांच्याकडे आलं. यांच्याकडे शंभरच्या वर कॅमेरे, आयोजकांनीच दिलेलं काम, मैदानात हवं तिथे जायची मुभा, थोडक्यात तुझ्याकडे जे जे नाही ते सगळं. आणि एवढं असून माणसाने दाखवलं काय, तर सुरुवातीलाच जुनी इमारत पाडणारा लोखंडी गोळा. पावसात छत्र्या धरून बसलेले लोक. चाड देशातून आलेला आठशे मीटरचा एक धावपटू, खेळाडूंच्या व्हिलेजच्या जेवणघरात एकटाच बसून जेवतोय, आजूबाजूला सगळे आपापल्या घोळक्यात. आयोजक भडकले, त्यांना जपानच्या पदकांची नोंद हवी होती, हे काय छत्र्या दाखवताय म्हणून. आज त्या पदकांची यादी कोणाला पाठ आहे? जेवणारा माणूस मात्र मी फिल्म सोसायटीत एकदाच पाहिला आणि तो अजून माझ्याबरोबर आहे.

१९७२ च्या म्युनिकवर आठ दिग्दर्शकांनी मिळून फिल्म केली, प्रत्येकाने एकेक तुकडा. त्यात क्लोद लेलूशने विषय घेतला फक्त हरणारे. जिंकणाऱ्याकडे कॅमेरा फिरवलाच नाही. जुईनगरच्या पोराने वर जे लिहिलंय, स्टडचा आवाज, तो याच जातीचा शॉट आहे. फायनलला दक्षिण आफ्रिकेच्या लॉरा वोल्वार्टने १०१ केले, सेमीतही शतक केलं होतं, आणि तरी हरली. तुझ्या ३१ तासांत कुठे एखादा दक्षिण आफ्रिकेचा हिरवा टी-शर्ट आहे का ते शोध, असला तर तो दहा शफालींच्या तोडीचा आहे.

आता मुद्द्याचं. तू म्हणतेस लोक आधी ओरडतात आणि फोनवर विकेट नंतर पडते, सिंक गंडलंय, कापून टाकणार. अगं बाई, तीच तुझी फिल्म आहे! भिंतीपलीकडे काहीतरी घडतंय, आवाज येतोय, पण काय घडलं ते अर्ध्या मिनिटानंतर कळणार. त्या अर्ध्या मिनिटात माणसं काय करतात? आवाज आपल्या विकेटचा की त्यांच्या, चौकार की कॅच, हे कानाने ओळखायचा प्रयत्न करत असतील की नाही? चहावाल्याचा हात किटलीवर थांबला असेल. कोणी तरी फोन हलवत असेल, जणू हलवल्याने लवकर येणारे. त्या चेहऱ्यांवर तुझा कॅमेरा होता, प्रसारणवाल्यांच्या एकाही कॅमेऱ्याकडे हे नाही. आणि वकीलबाईंच्या अडचणीचंही तिथेच निघालं, कारण फोनचा स्क्रीन दाखवायची गरजच उरत नाही.

एक शंका. तुझे कॅमेरे त्या वेळी फोनकडे होते की माणसांकडे? यावर सगळं अवलंबून.

ट्रान्सहार्बरवाली

काका, मी काल रात्री दोनपर्यंत फुटेज बघत बसले, डोळे सुजलेत. सुरुवातीचे दोन दिवस मी येड्यासारखी फोनच्या स्क्रीनवरच झूम करतेय. पण सेमीला फोन काकूंच्या हातात होता आणि मला स्क्रीन नीट दिसत नव्हता म्हणून मी कॅमेरा लोकांवर धरला. आणि फायनलला तर पूर्णच, कारण पावसामुळे मॅच तीनची पाचला सुरू झाली, दोन तास सगळे छत्रीखाली, तिथेच सगळ्यांची ओळख झाली होती, मग मी टपरीच्या आतूनच शूट करत होते.

तुम्ही म्हणता ते खरंच आहे. चहावाले काका आवाजावरून सांगायचे, "हा चौका", "ही विकेट, आपली, लांब आवाज आला म्हणजे आपली". आणि ९० टक्के बरोबर. एकदा लांब आवाज आला, सगळे नाचले, पाऊण मिनिटाने कळलं की रिव्ह्यूमध्ये नॉट आउट होतं. त्यांचे चेहरे!! मी हे सगळं फेकणार होते.

जर्सीवाल्या दादांचंही सांगते. पहिल्या दिवशी त्यांच्याकडे मुलींच्या टीमच्या नावाची एकही जर्सी नव्हती, नुसते रोहित ४५ आणि विराट १८. एक पोरगी आली, स्मृतीची द्या म्हणाली. दादांनी शांतपणे विराटची काढून दिली, "१८च आहे की बेटा, नाव पाठीवर असतं, तुला थोडीच दिसणारे." ती घेऊन पण गेली! सेमीपर्यंत त्यांनी कुठूनतरी नखाने खरवडून VIRAT ची अक्षरं काढायचा उद्योग केला होता, चार जर्स्या फाडल्या त्यात. आणि फायनलला आले ते जेमिमा ५ छापून घेऊन, रात्रीत छापल्या म्हणे, रंग ओला होता, बॅगेत एकमेकींना चिकटल्या होत्या.

आणि हो काका, हिरवा टी-शर्ट आहे. एक बाप-लेक, ४० सेकंद, मॅच संपल्यावर रात्री साडेबाराला रिक्षा शोधतायत आणि भोवती सगळे ढोल वाजवतायत. एका पोराने त्यांना पेढा दिला आणि त्या बापाने घेतला.

स्टीनबेकवाले_काका

बघ. आता मला काही बोलायची गरज नाही.

तरी बोलतो, सवय आहे. आधी सगळं एकदा सलग बघ, काहीही न कापता, वहीत लिहीत. टाइमकोड आणि एक ओळ. मग वहीवरच एडिट कर, कॉम्प्युटरवर नको. तुला चार दिवस मिळालेत आणि चारही आपापल्या स्वभावाचे आहेत, भाऊबीज, मग बांगलादेशची मॅच पावसाने धुतलेली, मग गुरुवार, मग रविवार. चढ आपोआप आहे. त्या धुतलेल्या दिवसाला कमी लेखू नकोस, त्याच दिवशी आत प्रतीका रावलचा पाय मुरगळला, त्यामुळे मूळ संघात नसलेली शफाली आली आणि फायनलला तिनेच ८७ मारले. बाहेरच्या लोकांना त्या दिवशी वाटलं असेल की आज काहीच घडलं नाही. हे तू पडद्यावर एका ओळीच्या पाटीने सांगू शकतेस, फुटेज लागत नाही, पाटीला कोणी लायसन्स मागत नाही.

जर्सीवाला आणि चहावाला दोघांनाही धर, पण नायक एकच. मी असतो तर जर्सीवाला.

बूमधारी

साउंडवाला आहे, कळव्याला राहतो. सगळे चित्राबद्दल बोलतायत म्हणून मध्ये पडतो. ही फिल्म आवाजाची आहे आणि तो ताईंनी फोनच्या माइकवर घेतलाय, तर थोडं टेन्शन आहे.

पहिलं, फोनचं फुटेज थेट एडिटमध्ये टाकू नका. फोन फ्रेम रेट कमी-जास्त करत राहतो, लांब क्लिप असली की आवाज हळूहळू सरकतो. आधी सगळं पक्क्या २५ फ्रेमवर कन्व्हर्ट करा. नाहीतर तुमचं खरं सिंक गंडलेलं आणि चुकीचं सिंक गंडलेलं यातला फरक तुम्हालाच कळणार नाही, आणि या फिल्ममध्ये तोच तर सगळा खेळ आहे. रात्रीच्या शॉटमध्ये ट्यूबलाइट लुकलुकत असेल तर ते ३० फ्रेमवर शूट केल्यामुळे, आपली वीज ५० हर्ट्झची, पुढच्या वेळी २५ फ्रेम आणि शटर पन्नासावर ठेवा.

दुसरं, स्टेडियमची गर्जना फोनमध्ये फाटली असणार, फोन मोठा आवाज आला की स्वतःच दाबतो. मग दबलेलाच वापरा, दुसऱ्या कुठल्या मॅचची गर्जना लायब्ररीतून आणून चिकटवू नका, चहावाले काका ज्या आवाजावरून "आपली विकेट" म्हणाले तोच आवाज पाहिजे, नाहीतर सगळं खोटं. फक्त आजूबाजूचे आवाज नव्याने घेता येतील. हायवेची घरघर, किटली, पत्र्यावरचा पाऊस, ट्रान्सहार्बरची लोकल नेरूळला शिरतानाचा आवाज. माझ्याकडे रेकॉर्डर आहे, एका रविवारी येतो, चहा तुमचा. स्टेशनच्या आत मात्र बूम, म्हणजे काठीवरचा माइक, काढायचा नाही, रेल्वेची परवानगी वेगळी असते, बाहेरच्या पुलावरून घेऊ.

वाशीकर_वकीलबाई

आवाजावरून आठवलं, स्टेडियममधला डीजे! विकेट पडली की गाणं लावतात, ते तुमच्या गर्जनेत मिसळलेलं असणार. गाणं ओळखू येत असेल तर त्याचे हक्क वेगळे, रेकॉर्डिंगचे म्युझिक कंपनीकडे आणि शब्द-चालीचे वेगळे, दोन्ही लागतात. गर्जनेचे पहिले तीन-चार सेकंद बहुतेक डीजेच्या आधीचे असतात, तेवढेच ठेवा. बाहेरचा ढोल चालेल, वाजवणाऱ्यांना विचारून.

नावात "वर्ल्ड कप" आणि स्पर्धेचा लोगो वापरून अधिकृत असल्याचा भास होऊ देऊ नका. आणि कोणीतरी ड्रोन सुचवायच्या आत सांगते, शेजारी नवी मुंबई विमानतळ सुरू झालंय, तो नाद सोडा.

सरळसोट

ड्रोन मी सुचवणार होतो 😅

ठीक आहे, पेढ्याचं वाचून मी जरा नरमलोय. पण एक बोलतो. दीड तासाची करू नका. माझ्या आईला मॅच बघायला आवडते, डॉक्युमेंटरी म्हटलं की तिला झोप येते. तिला न झोपता बघता येईल अशी २०-२५ मिनिटांची करा. आणि चहावाला काका "लांब आवाज म्हणजे आपली" म्हणतो ते अगदी सुरुवातीला टाका, म्हणजे नियम कळला की पुढे बघणारा पण कान लावून बसेल.

स्टीनबेकवाले_काका

सरळसोट साहेब, तुम्ही चुकीच्या धंद्यात आहात. हे मला सुचायला हवं होतं.

दाखवायचं म्हणशील तर मुंबईत डॉक्युमेंटरींचा सरकारी महोत्सव आहे, १९९० पासून चालू, दर दोन वर्षांनी, शॉर्ट फिल्मही घेतात. केरळचा तिरुवनंतपुरमचा आहे, तिथले प्रेक्षक म्हणजे, असो, गेलीस की कळेल. थिएटरमध्ये तिकीट लावून दाखवायची तर सेन्सॉरचा दाखला लागतो, फेस्टिव्हलवाले त्यांची सूट स्वतः घेतात. पण आधी सोसायटीच्या हॉलमध्ये दाखव, चादर लावून. लोक कुठे खुर्ची सरकवतात ते मागे उभं राहून बघ, तिथे काप.

जुईनगर_एक्सप्रेस

एलपीजवळच दाखवा ना, टपरीवर. मी पाण्याचे क्रेट उचलेन, अनुभव आहे.

ट्रान्सहार्बरवाली

अपडेट. काल सह्यांचे कागद घेऊन गेले होते. चहावाल्या काकांनी लगेच सही केली, वर म्हणाले नाव मोठ्या अक्षरात येऊ दे. गालावर तिरंगा काढणाऱ्या मुलींचा नंबर मिळाला. अ‍ॅकॅडमीच्या पोरींच्या आयांचा ग्रुप आहे, त्यांनी आधी आम्हाला दाखवा मग सही असं सांगितलं, बरोबरच आहे.

जर्सीवाले दादा नव्हते. मॅच नसताना ते इथे नसतातच म्हणे, मी उगाच धरून चालले होते. शेजारच्या टोपीवाल्याने फोन लावून दिला. दादा सध्या वाशीला स्टेशनबाहेर मोबाइलची कव्हरं विकतायत. फिल्मचं सांगितलं तर बराच वेळ गप्प, मग म्हणाले, "सही देतो, पण मी जर्सी कितीला आणतो ते बोललोय का त्यात? ते काढा. आणि ते विराटचं खरवडायचं पण काढा." मी म्हटलं दादा तेच तर सगळ्यात भारी आहे. ते म्हणाले भारी तुम्हाला, चार जर्स्या माझ्या फाटल्या.

तर आता काय करू? खरवडायचं काढलं तर नायकच जातो.

स्टीनबेकवाले_काका

फोनवर कोणी सही देत नाही. कच्चं एडिट लॅपटॉपवर घेऊन वाशीला जा, त्याला त्याचा भाग दाखव, त्याच्या शेजारी बसून. किंमत काढून टाक, ती त्याच्या पोटाची गोष्ट आहे. खरवडायचं त्यालाच ठरवू दे. नाही म्हणाला तर नाही, मग चहावाला नायक. पण स्वतःला पडद्यावर बघून नाही म्हणणारा मला चाळीस वर्षांत फार कमी वेळा भेटला.

आणि चार फाटलेल्या जर्स्यांचे पैसे त्याच्या हातात ठेव असं मी म्हणणार होतो, पण सहीच्या आधी पैसे दिले तर ते वेगळंच होतं. आधी चहा.

बूमधारी

ताई, या रविवारी येऊ का मग? पाऊस सांगितलाय, पत्र्याचा आवाज मिळून जाईल. रेकॉर्डर घेऊन ठाण्याला दहा नंबरवर सकाळी आठला, पुढून दुसरा डबा. वाशीला पण जाऊ, मला मोबाइलचं कव्हर घ्यायचंच आहे.

ट्रान्सहार्बरवाली

चालेल. पण पुढून दुसरा नको, नेरूळचा पूल मागच्या बाजूला पडतो. मागून तिसरा.